धारेचं लुगडं

म्हशीच्या पोटाशी उकिडवं बसलं की कोल्हापूर गुडघ्यापर्यंतच दिसतं. माणसाचं तोंड, मिशी, गॉगल, गळ्यातली चेन, सगळं म्हशीच्या पाठीपलीकडं राहतं आणि समोर उरतात नुसते पाय. शिवाजी पेठेतला गुंडू साळोखे गेले सात महिने रोज संध्याकाळी हे पाय बघत होता. बासष्टाव्या वर्षी त्याला आपल्याच शहराची नव्यानं ओळख होत होती आणि ती फारशी सुखाची नव्हती.

चपलांचंच घ्या. ज्या गावाच्या नावानं साऱ्या मुलखात चपला खपतात, त्या गावात त्या पायात घालणारं माणूस आता हुडकावं लागतं. गुंडूच्या उमेदीत पेठेतला गडी दूध कट्ट्यावर येतोय हे आधी कानाला कळायचं, इतकी चामडी करकरायची. आता करकर ऐकू आली की गुंडू मान वर न करताच ओळखतो, हे पावणं पुण्याचं. सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, मधल्या वेळात चपलांची खरेदी आणि जाता जाता म्हशीचं दूध. पेठेतल्या पोरांच्या पायात मात्र पांढरेफेक बूट. शेणामुताच्या चौकात पांढरे बूट घालून यायचं आणि मग पाय कुठं ठेवू म्हणून नाचायचं! पूर्वी दूध प्यायल्यावर ओठावरची पांढरी मिशी बाहीनं पुसायची रीत होती. आता त्या मिशीचा आधी फोटो निघतो. परवा एक व्यायामशाळेतनं आलेला, दंड फुगवलेला गडी विचारत होता, "काका, फॅट किती असतंय हो ह्याला?" तालमीतले गडी उभ्या उभ्या तांब्यानं दूध रिचवायचे, पण त्यांनी जन्मात हे विचारलं नव्हतं. गुंडू म्हणाला, "म्हशीला इचारा की. माझ्याकडं काय बघताय?"

हा दूध कट्टा ज्यानं पाहिला नाही त्याला ही गंमत वाटेल, पण कोल्हापूरला ती रोजचीच गोष्ट आहे. दिवस कलला की पेठेतल्या गोठ्यांतनं म्हशी निघतात आणि चौकात येऊन रांगेनं उभ्या राहतात. गिऱ्हाईक आलं की त्याच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार. पाणी घालायला मध्ये जागाच नसते. म्हैसही पंढरपुरी जातीची लागते, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली आणि स्वभावानं सोशीक. दर गिऱ्हाइकाला चार-चार धारा द्यायच्या म्हणजे दुसऱ्या कुठल्या म्हशीचं ते काम नव्हे.

गुंडूची म्हैस अशीच होती. नाव चिमणी, अंगानं मात्र अशी की बोळातनं निघाली की समोरच्या मोटरसायकलवाल्यानं मुकाट्यानं मागं सरायचं. हे नाव गुंडूच्या बायकोनं, बनाबाईनं ठेवलेलं. रेडकू असताना म्हणे ती चिमणीएवढंच खायची. पुढं खाणं वाढलं, नाव तेच राहिलं.

आणि खरं सांगायचं तर म्हैस गुंडूची नव्हतीच, बनाची होती. तीस वर्षं कट्ट्यावर धार बना काढत आली. गुंडूनं दावं धरायचं, पेले विसळायचे आणि लोकांशी गप्पा हाणायच्या. कट्ट्यावरच्या बाकी म्हशींखाली गडीमाणसं बसायची, ह्या एकीखाली बाई. तोंडानं फटकळ. कुणी पेला पुढं करून फोनवर बोलत राहिलं की ती तशीच थांबायची. म्हणायची, "आदी त्या फोनमदलं दूध संपवा, मग हितलं देतो." पायांवरनं माणूस ओळखायची तीच. रात्री जेवताना सांगायची, आज त्या बँकवाल्याचं घरात भांडण झालंय, एका पायात एका रंगाचा मोजा आणि दुसऱ्यात दुसऱ्या. गुंडू हसायचा. त्याला वाटायचं, ही थापा मारते. आता त्या जागेवर बसल्यावर त्याला कळलं की बना एक शब्द खोटा बोलत नव्हती. पण हे तिला सांगायची सोय राहिली नव्हती.

बना चैत्रात गेली. जोतिबाची यात्रा नुकतीच झाली होती, दारातल्या दगडांवर अजून गुलाल होता. सकाळी धार काढली, चरवी उंबऱ्यावर ठेवली, छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकली ती टेकलीच. रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

माणसं आली, रडली, गेली. ह्या सगळ्यात चिमणीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी गुंडू खाली बसला तर तिनं पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोठ्यातला गडी बसला, त्याला लाथ मिळाली. रेडकू लावून बघितलं, पेंड पुढं ठेवली, कोमट पाण्यानं कास शेकली. कास दगडासारखी तटतटलेली आणि धार नाही. म्हैस नुसती दाराकडं बघायची. कुणीतरी पान्ह्याचं इंजेक्शन सुचवलं. बनाला त्या इंजेक्शनाचं नाव काढलेलं खपायचं नाही, ती म्हणायची, मारून मुटकून आई करायची व्हय तिला? गुंडूनं त्या माणसाला दारातनंच वाटेला लावलं.

चौथ्या दिवशी शेजारची बायडाबाई काठी टेकत गोठ्यात आली. वय ऐंशीच्या पुढचं, सारा जन्म जनावरांत गेलेला. तिनं आधी चिमणीच्या पाठीवरनं हात फिरवला, मग खुंटीकडं बघितलं. खुंटीला बनाचं धारेचं लुगडं होतं. धार काढताना नेसायचं लुगडं वेगळंच असतं. ते घरात जात नाही, गोठ्यातच राहतं. चौकड्याचं, पार विटलेलं, पदराला शेणाचे डाग, दुधाचा आंबूस वास, सरकीच्या पेंडीचा वास, आणि बनाच्या मिसरीचा नि डोक्याच्या तेलाचा.

"गुंडू," बायडाबाई म्हणाली, "त्ये लुगडं न्येस आणि बस."

"बायडाक्का, काय चेष्टा करतीस व्हय?"

"चेष्टा न्हाय. जनावर तोंड वळखत न्हाय, वास वळखतंय. आमच्या सासऱ्यानं असंच केलंतं. न्हायतर कास जाईल तिची. बघ बाबा, मिशा मोठ्या का म्हस मोठी."

गुंडूनं गोठ्याचं दार लावलं. विजारीवरूनच लुगडं गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि खाली बसला. चिमणीनं मान वळवली. पदराला नाक लावून लांब श्वास घेतला, एकदा, दोनदा. मग पाठ सैल सोडली. चरवीत पहिली धार वाजली तेव्हा गुंडूला रडू कोसळलं, ते चरवी भरेपर्यंत थांबलं नाही. कारण ओढलेल्या पदराखाली त्यालाही तोच वास येत होता. बना तिथं होती. डोळे मिटले तर बाजूला बसल्यासारखी होती.

घरातलं ठीक, दार लावता येतं. कट्ट्याला दार नाही. पेठेतला माणूस, ज्याच्या बापानं आखाडे गाजवलेले, ज्याच्या मिशीला अजून पीळ, तो चौकात लुगडं नेसून बसणार! पहिल्या दिवशी तो लवकर गेला, गर्दी व्हायच्या आत. तरी व्हायचं ते झालंच. आधी कुणीतरी फिसकन हसलं, आणि पलीकडच्या म्हशीवाल्यानं आरोळी ठोकली, "वैनी, एक पेला इकडं बी!"

त्या वेळी पारस उपाध्ये पेला घेऊन पुढं झाले. पारसशेठ म्हणजे महाद्वार रोडला कापडाचं दुकान असलेले जैन गृहस्थ. रात्रीचं खाणंपिणं वर्ज्य, म्हणून रोज दिवस मावळायच्या आत येणार, रुमालानं पेला पुसणार, उभ्यानं दूध पिऊन जाणार. वीस वर्षांचा नेम. त्यांनी लुगड्याकडं बघितलंही नाही. "गुंडूमामा, नेहमीचं," एवढंच म्हणाले. दूध प्यायले, पेला खाली ठेवला आणि बाकीच्यांकडं अशा नजरेनं बघितलं की हसणारे रस्त्याकडं बघायला लागले. कापडाच्या व्यापाऱ्याला कापडाची किंमत कळते, असं गुंडूला त्या दिवशी वाटलं.

हसणं आठ दिवसांत थंडावलं. पेठेचं तसंच आहे, तोंडावर टिंगल करतील आणि पाठीमागं डोळे पुसतील. पण मग कुणीतरी पावण्यानं मोबाइलवर चित्रण केलं, त्याला सनईचं रडकं संगीत लावलं, आणि 'बायकोची साडी नेसणारे कोल्हापूरचे आजोबा' गावभर, मुलूखभर झाले. कट्ट्यावर रांगा लागायला लागल्या. दुधासाठी नव्हे, लुगड्यासाठी. पांढरे बूट, टाचांचे बूट, फाटक्या जीन्समधनं डोकावणारे गुडघे. "काका, जरा पदर नीट घ्या ना." "काका, काकूंची आठवण येते का, कॅमेऱ्यात बघून सांगा." एक मुलगी शेजारी बसून पदराला हात लावायला गेली तेव्हा गुंडू तिच्या अंगावर खेकसला. हात लावायचा नाही. काय बघायचं ते लांबून बघा. ती रडवेली होऊन गेली. तिचंही चित्रण कुणीतरी केलं.

लोकांना वाटलं, म्हातारा तिरसट आहे. त्याला काय वाटत होतं ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवसातनं दोन वेळा, सकाळी घरात आणि संध्याकाळी कट्ट्यावर, त्या पदराखाली बना त्याला भेटत होती. चिमणी पान्हवली म्हणजे बना अजून आहे, असा त्याचा सरळ हिशेब होता. जनावर खोटं बोलत नाही. माणसं म्हणतात, 'गेली', म्हैस म्हणते, 'आहे', आणि गुंडूचा म्हशीवर विश्वास होता.

भीती एकाच गोष्टीची होती. वास रोज थोडा थोडा कमी होत होता. आता त्याच्याच घामाचा वास त्यात मिसळायला लागला होता. म्हणून तो धार झाली की लुगडं वाऱ्यावर ठेवायचा नाही, घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीला गाठ मारायचा. अंगाला साबण लावायचं त्यानं सोडलं होतं, आपला वास कमी लागावा म्हणून नुसत्या पाण्यानं अंघोळ. पावसाळ्यात पिशवीत बुरशी धरेल म्हणून चुलीच्या उबेला पिशवी धरून बसायचा. वेड लागलंय, असं पोराला वाटलं असलं तर त्यात त्याची चूक नव्हती.

पोरगा सम्राट. मोटरसायकलींच्या शोरूममध्ये कामाला, कडक इस्त्रीचा शर्ट, मंडळाचा कार्यकर्ता. आई गेल्यावर त्यानं दाढी वाढवली, मग बापानं साडी नेसली म्हणून महिनाभर मान खाली घालून हिंडला. "आबा, शोरूममदी तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईसा," असं एकदा म्हणालाही. पण ते चित्रण गाजलं, शोरूमच्या साहेबांनीच त्याचा हात हातात घेऊन विचारलं, अरे हे तुझे वडील? त्या दिवसापासनं वारं फिरलं. चौकात बापाचा लुगड्यातला फ्लेक्स लागला, बारा फुटी, खाली मंडळाच्या तीस पोरांचे चेहरे. आपल्या गावात माणूस मोठा झाला की नाही हे फ्लेक्सवरनंच ठरतं. बनाच्या नावानं ह्या सात महिन्यांत कुणी फ्लेक्स लावला नव्हता.

सून स्नेहल. एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते, बोलायला मऊ, कामाला चोख. सासऱ्याला ती मामा म्हणते, सासूला आत्ती म्हणायची. सासू असताना दोघींचं फार गूळपीठ नव्हतं. बनाच्या फटकळ तोंडासमोर ती गप्पच राहायची. सासू गेल्यावर मात्र घराचं सगळं ओझं पोरीनं न बोलता उचललं. एकच गोष्ट तिला सलायची, गोठ्यातल्या त्या लुगड्याकडं बघवत नव्हतं. सासरा एवढा लोकांसमोर जातो, देशभर दिसतो, आणि पदराला शेणाचे डाग. बघणारी बाई काय म्हणेल? ह्यांच्या घरात सून आहे की नाही?

दिवाळी आली. बनाच्या माघारी पहिलीच दिवाळी. अशा वर्षी घरात सण नसतो, कढई चढत नाही, फराळ शेजारपाजारचे देतात. स्नेहल त्याप्रमाणंच चालली होती, पण गुंडूनंच मोडता घातला. "दुखवटा कसला? करंज्या कर. बनाला आवडत्यात." स्नेहलनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं खांदे उडवले, आणि करंज्या झाल्या. बायडाबाईनं नाक मुरडलं.

पाडव्याला आमच्याकडं म्हशींचा सण. सकाळी पंचगंगेवर न्हाऊ-माखू घालायचं, शिंगं रंगवायची, मोरपिसं, घुंगरं, कवड्यांच्या माळा, आणि संध्याकाळी वाजतगाजत मिरवायचं. मंडळानं ह्या वर्षी ठरवलं, कट्ट्यावर स्टेज घालून गुंडूआबांचा सत्कार करायचा आणि सगळ्यांसमोर लुगडं नेसून त्यांनी पहिली धार काढायची. सम्राटनं परस्पर होकार दिला. गुंडू कुरकुरला, पण फार नाही. बना लोकांसमोरच बसायची की.

त्या सकाळी धार काढून गुंडूनं लुगडं पिशवीत घातलं, गाठ मारली, आणि चिमणीला घेऊन तो नदीवर गेला. घरात स्नेहल नवऱ्याला ओवाळणार, ते बघायला त्याला थांबायचं नव्हतं. ओवाळणारी नसलेल्या माणसानं पाडव्याच्या दिवशी घरात तरी काय करायचं? घाटावर त्यानं दुपारपर्यंत म्हैस घासली. वीटकरीनं घासली, नारळाच्या शेंडीनं घासली, अशी काळीभोर केली की घाटावरची पोरं बघत राहिली.

दुपारी परत येऊन त्यानं गोठ्यात पाऊल टाकलं आणि तो उभा राहिला. पिशवी रिकामी होती. खुंटीला हँगर अडकवलेला आणि हँगरवर लुगडं. इस्त्री केलेलं. पदराचं फाटलेलं जुळवून टिपलेलं. डाग गेलेले. विटलेल्या कापडाला कुठला रंग यायला, पण चौकडा परत दिसायला लागला होता.

मागनं स्नेहल आली. हात पुसत, हसत. तिच्या बोटांची सालं निघाली होती, इतकं तिनं घासलं होतं. "मामा, बघा कसं झालंय. तीन पाणी काढली. डाग निघता निघंनात. चार लोकांत आत्तींचं लुगडं चांगलं दिसायला पायजे की."

गुंडूनं पदर हातात घेतला. तोंडाशी नेला. गुलाबाच्या फुलाचा वास आला, बाटलीत मिळतो तसला. त्यानं दुसरा कोपरा हुंगला, मग काठ, मग निऱ्यांची बाजू. सगळीकडं गुलाब. त्यानं चिमणीच्या शिंगाचा आधार घेतला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पोरीच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. आणि त्याच्या मनात एक वेडी आशा होतीच, माणसाच्या नाकाला काय कळतंय? जनावराला कळेल. धाग्याच्या आत कुठंतरी उरलंच असेल की थोडं.

संध्याकाळी चौक माणसांनी फुलला होता. स्पीकर, रोषणाई, पांढऱ्या कडक कपड्यांतले पाहुणे. गुंडूच्या डोक्याला फेटा बांधला, मग लक्षात आलं की पदर घ्यायचाय, म्हणून फेटा काढला. शाल दिली, ती काढली. नारळ सम्राटच्या हातात दिला. निवेदकानं बनाचं नाव चुकीचं घेतलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग स्पीकर बंद झाला आणि शेकडो मोबाइल वर झाले. सगळ्यांच्या पुढं पारसशेठ, हातात रुमालानं पुसलेला पेला.

गुंडू खाली बसला. चिमणीनं मान वळवली. शिंगावरची मोरपिसं हलली. तिनं पदराला नाक लावलं आणि लांब श्वास घेतला. परत घेतला. गुंडूनं पदराचं टोक तिच्या नाकापुढं धरलं. तिनं पदराच्या टोकापासनं त्याच्या डोक्यापर्यंत नाक फिरवलं, हळूहळू, काहीतरी हुडकत असल्यासारखं, मग खाली त्याच्या गुडघ्यापर्यंत. मग तोंड फिरवलं, आणि रस्त्याच्या टोकाकडं बघून असं हंबरली की पुढच्या रांगेतलं एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं.

कास त्याच्या हातात दगड झाली. त्यानं सड ओढले, थेंब नाही. रेडकू लावलं, तिनं रेडकाला ढोसलं. "बया," तो पुटपुटला, "चिमणे, द्ये गं. एक पेला द्ये." मागनं कुणी सल्ला दिला, कुणी इंजेक्शनाचं बोललं, कुणी हसलं. सम्राट स्टेजवर लालबुंद झाला होता. पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे घड्याळ बघायला लागले. गुंडूला समोर फक्त पाय दिसत होते, आणि एकेक करून ते वळत होते. पांढरे बूट गेले, टाचा गेल्या. शेवटी एक जुन्या काळ्या चपलांचा जोड उरला.

सूर्य केव्हाच मावळला होता. पारसशेठ रिकामा पेला घेऊन अजून उभेच होते. "गुंडूमामा, चला," ते म्हणाले, "म्हैस दमलीय. घरी न्या."

लुगड्यातच, मोरपिसं लावलेली म्हैस घेऊन गुंडू बोळातनं घरी आला. गोठ्यात चिमणीला बांधलं. पदर अजून डोक्यावर होता. स्नेहल त्याच्या मागोमाग धावत आली होती. स्टेजच्या कडेला उभं राहून तिनं म्हशीला हुंगताना बघितलं होतं आणि तिला सगळं कळलं होतं. ती घरात गेली, कपाटं उघडली, ट्रंक उपसली. बनाच्या साड्या तेराव्यानंतर आयाबायांना वाटून झालेल्या. दोन उरल्या होत्या त्या धुतलेल्या, इस्त्रीच्या, कापूर घातलेल्या. ती रिकाम्या हातानं गोठ्यात आली आणि दारातच खाली बसली.

"मामा, मारा मला," ती म्हणाली. "मला म्हाईत न्हवतं. देवाशपथ मला म्हाईत न्हवतं."

गुंडूनं लुगडं सोडलं. त्याची नीट घडी केली आणि ती तिच्या मांडीवर ठेवली. पिशवीत घातली नाही.

"तुझं काय चुकलंय? लुगडं मळलं की धुत्यात. सात महिनं मीच धुऊ दिलं न्हाय." त्यानं चिमणीकडं बघितलं. "लोक म्हंत्यात चैतात गेली. मी म्हनलं, म्हंदेत, त्यास्नी काय कळतंय. पर आज गेली बघ, पोरी. तुझी सासू आज गेली."

तो भिंतीला टेकून बसला आणि रडायला लागला, मोठ्यानं, पेठेतल्या पुरुषानं रडू नये तसा. सम्राट बोळातनं तावातावानं येत होता, तो दारात पोचला आणि तिथंच थबकला. बापाला बघून त्याच्या हातातला नारळ खाली गेला, आणि तोही आत येऊन बापाच्या पायाशी बसला.

स्नेहल उठली. स्वयंपाकघरात संध्याकाळचा भात शेगडीवर होता, कुकरची एक शिट्टी झाली होती. तिनं गॅस बंद केला. तळणाची कढई उतरवली, दारातला आकाशकंदील काढून आत ठेवला आणि बाहेर येऊन दाराच्या पायरीवर बसली. चौकातनं फटाक्यांचे आवाज येत होते.

पलीकडनं बायडाबाईनं आरोळी मारली, "स्नेहल, कंदील का गं काढलास? पाडवा हाय आज."

स्नेहलनं गोठ्याकडं बघितलं. मग ती म्हणाली, "बायडाक्का, आत्ती गेल्या."

बायडाबाईनं गोठ्याकडं कान दिला. रडण्याचा आवाज तिलाही ऐकू येत होता. ती आपल्या घरात गेली. थोड्या वेळानं काठी टेकत आली तेव्हा तिच्या काखेत भाकरींचं फडकं होतं आणि हातात पिठल्याचं पातेलं. मयताच्या घरी शेजाऱ्यांनी न्यायचं असतं तसं. पुरणपोळी तिच्या घरातही झाली होती, ती तिनं आणली नाही. तिनं गोठ्यातच चार पत्रावळ्या मांडल्या, भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि गुंडूच्या हातावर ठेवला.

"खा बाबा," ती म्हणाली. "बनाच्या नावानं खा."